टेबल रनरला काठ आणि पदर : बॉर्डरच्या कामाच्या नोंदी

रनर म्हणजे टेबलाच्या मधोमध लांबीला अंथरायची पट्टी, हा तुकडे जोडून गोधडीसारखा शिवलेला. मापं इंचात आहेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिलाईचं मार्जिन (शिवणीबाहेर राहणारं कापड) सगळीकडे पाव इंच.

३ जुलै २०२५

टेबल ५४ × ३६. मधल्या भागासाठी नऊ तुकड्यांचे (नाइन पॅच) सात ब्लॉक, प्रत्येक शिवून झाल्यावर ६ इंचांचा, टोकावर (पतंगासारखे) उभे करून एका ओळीत. टोकावर उभा केलेला ब्लॉक त्याच्या कर्णाएवढी जागा घेतो. ६ ला १.४१४ ने गुणलं की साधारण साडेआठ. म्हणजे ओळ साडेआठ रुंद, आणि सात ब्लॉकांची लांबी ५९ च्या थोडी पुढे.

आधीच्या कच्च्या आराखड्यात पाऊण इंचाची आतली बॉर्डर आणि अडीच इंचांची बाहेरची होती. गोट (कडेला दुमडून लावायची पट्टी) धरून रुंदी साडेपंधरा. कागदावर फार छान दिसत होती. मग घरातली ताटं मोजली : ११ इंच. ३६ मधून साडेपंधरा गेले की एका बाजूला सव्वादहा उरतात, म्हणजे ताट पाऊण इंच रनरवर चढणार. जाड कडेवर चढलेलं ताट कलतं आणि आमटीची वाटी पहिल्यांदा सांडते.

म्हणून उलटा हिशोब. ३६ वजा २२ = १४, त्यातला एक इंच मोकळा. रनर १३ इंच. त्यातले साडेआठ मधल्या भागाचे आणि दोन्हीकडच्या गोटाचा मिळून अर्धा. उरले चार, म्हणजे एका बाजूला दोन. आतली बॉर्डर अर्धा इंच, बाहेरची दीड.

लांबीला असं बंधन नाही. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच लोंबलं तर ६६ हवेत. त्यासाठी टोकाची बाहेरची बॉर्डर अडीच इंच करावी लागते. लांब बाजूला दीड, टोकाला अडीच. ही असमान रुंदी आज खटकते आहे.

५ जुलै

बॉर्डरचे तीन पर्याय मधल्या कापडाशेजारी अंथरून पाहिले. ब्लॉक इंडिगो छापाचे आणि फिक्या चौकड्याचे, त्यांच्यामधले त्रिकोण साध्या गडद इंडिगोचे. (त्रिकोण पांढरे ठेवायचा विचार हळदीमुळे सोडला.)

पहिला पर्याय, ब्लॉकमधलाच इंडिगो छाप. फोनवर काळा-पांढरा फोटो काढला तर त्रिकोण आणि बॉर्डर एकमेकांत बुडून गेले. बॉर्डर आहे हेच कळत नाही. दुसरा, दीड इंचांत साधा लाल. दिसतो, पण पाटीला रंगवलेल्या चौकटीसारखा. तिसरा, जुन्या इरकलीचा काठ.

इरकलीवर शिक्कामोर्तब झालं आणि असमान रुंदीचा प्रश्नही तिथेच सुटला. साडीचा काठ लांब बाजूने अरुंदच असतो, टोकाला पदर रुंद. रनर साडीच्या नियमाने बांधायचा : लांब बाजूंना काठ, दोन्ही टोकांना पदराची पट्टी. काठ थेट शेवटपर्यंत जाणार, पदर दोन काठांच्या मध्ये बसणार.

यामुळे शिवण्याचा क्रम बदलतो. क्विल्टमध्ये बहुतेक वेळा लांब बाजू आधी लावतात, मग टोकं. इथे बाहेरच्या बॉर्डरला टोकं आधी, काठ शेवटी. कोपरा तिरपा जोडायचा विचारच नको : दीड आणि अडीच रुंदीच्या पट्ट्यांचा सांधा ४५ अंशांत येत नाही, साधारण ३१ अंशांत येतो, आणि काठाची नक्षी पदराच्या नक्षीला कुठेही भिडत नाही.

आतली बॉर्डर मोहरीच्या रंगाची. काठातल्या नक्षीचा पिवळा धागा तोच आहे, त्यामुळे लाल आणि निळ्याच्या मध्ये ती उपरी वाटत नाही. गोट आणि अस्तरही त्याच कापडाचं.

बऱ्याच घरगुती गोधड्यांना अशी वेगळी बॉर्डर नसते, वरचं-खालचं कापड आत दुमडून कडेने धावदोरा घालतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवांदी गोधडीत तर काम कडेपासूनच सुरू होऊन आत आत जातं. तिथे कड हीच सुरुवात असल्यामुळे शेवटी बॉर्डर न बसण्याची भानगडच नाही. आपण मात्र मधून बाहेर चाललो आहोत, तेव्हा मोजमापाला पर्याय नाही.

६ जुलै

साडी तपासली. अंग सुती, काठ आणि पदर कृत्रिम रेशमाचे. खालच्या काठाला फॉल लावलेला होता. त्याच्या टाक्यांची भोकं आणि घासलेले धागे उजेडात धरल्यावर लगेच दिसतात. वरचा काठ चांगला. दर हातभर अंतरावर तो दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून आडवा ताणला. फाटण्याआधी जुनं कापड बारीक कुरकुरतं. तसा आवाज एका घडीवर आला, तेवढी जागा खडूने खुणेची केली.

इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. त्या जोडाजवळचं कापड घ्यायचं नाही. फाशांच्या ओळीपासून दोन इंच सोडून पुढचा भाग घेतला.

रंगाची चाचणी. पदराचा कोपरा कोमट पाण्यात दहा मिनिटं, सोबत पांढरा मलमलचा तुकडा. मलमल गुलाबी झाला. मीठ किंवा व्हिनेगर टाकून आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग पक्का होत नाही. जास्तीचा रंग धुऊनच काढावा लागतो. साध्या पाण्यात सौम्य साबणाने तीनदा धुतलं, चौथ्या पाण्यात मलमल पांढरा राहिला. चौथ्यालाही गुलाबी झाला असता तर पदर बाजूला ठेवला असता. फिक्या चौकड्यांशेजारी कच्चा लाल म्हणजे पहिल्याच धुण्यात सगळं काम वाया.

इंडिगोची चाचणी वेगळी. तो पाण्यात फारसा सुटत नाही, पण घासल्यावर उतरतो. कोरड्या पांढऱ्या कापडाने वीस वेळा घासून पाहिलं. छाप ठीक, साधा इंडिगो हलका उतरला. तो पुन्हा धुतला.

मोहरी कापड २ मीटर घेतलं होतं. धुऊन वाळल्यावर साडेशहात्तर इंच भरलं, म्हणजे जवळजवळ ३ टक्के आटलं. पावणेदोन मीटर घेतलं असतं तर अस्तराला जोड द्यावा लागला असता.

८ जुलै

कापणी.

गडद छाप : अडीच इंचांच्या २ पूर्ण पट्ट्या, १ अर्धी. फिका : १ पूर्ण, २ अर्ध्या. गडद-फिका-गडद असा एक पूर्ण संच आणि फिका-गडद-फिका असा अर्धा संच शिवला. पहिल्यातून अडीच इंचांचे १४ काप, दुसऱ्यातून ७.

साधा इंडिगो : पावणेदहा रुंदीची एकच पट्टी. तिच्यातून पावणेदहाचे ३ चौकोन, प्रत्येक दोन्ही कर्णांवर कापून ४ त्रिकोण, एकूण १२. उरलेल्या भागातून ५ इंच १ सुताचे २ चौकोन, हे एकाच कर्णावर. त्यांचे ४ कोपरे.

इथे बरेच जण घसरतात. कडेचा त्रिकोण एका कर्णावर कापलेल्या चौकोनातून घेतला तर त्याची लांब बाजू उरेब (तिरप्या धाग्याची) येते, आणि तीच रनरची बाहेरची कड बनते. उरेब कड हातात धरली तरी वाढते. दोन कर्णांवर कापलं की लांब बाजूला सरळ धागा येतो. कोपऱ्यांचं गणित उलटं, त्यांच्या दोन आखूड बाजू बाहेर राहतात, म्हणून एकच काप.

९ जुलै

ब्लॉक शिवले. तीन ब्लॉक ६ इंच ४ सुतांऐवजी ६ इंच ३ सूत भरले. मार्जिन थोडं जास्त पडलं होतं. असं वाटतं की एका सुताने काय होतं. अर्धं सूत मार्जिन जास्त पडलं तर एका शिवणीत एक सूत जातं, ब्लॉकमध्ये दोन शिवणी, म्हणजे पाव इंच. सात ब्लॉक, आणि वर कर्णाचा १.४१४. रनर अडीच इंच आखूड होतो. तिन्ही उसवून पुन्हा शिवले.

११ जुलै

ओळ जोडली. मधल्या पाच ब्लॉकांच्या समोरासमोरच्या दोन-दोन बाजूंना त्रिकोण, टोकाच्या दोन ब्लॉकांना एकेक, मग तिरप्या शिवणींनी एकमेकांना, कोपरे सगळ्यात शेवटी. त्रिकोण किंचित मोठे कापलेले असल्याने कड छाटावी लागते. छाटताना पट्टीची पाव इंचाची रेघ ब्लॉकच्या टोकांवर ठेवायची, एका वेळी तीन टोकांवर. टोकालाच छाटलं तर बॉर्डर शिवताना टोक मार्जिनमध्ये जातं आणि समोरून ब्लॉकचं नाक कापल्यासारखं दिसतं.

छाटून झाल्यावर मापं :

डावी कड ५९ इंच ७ सूत
मधली रेघ ५९ इंच ६ सूत
उजवी कड ६० इंच १ सूत

उजवी कड इस्त्रीने वाढवली आहे. वाफेची इस्त्री कडेकडेने ओढत नेली होती. इस्त्री उचलून ठेवायची असते, ढकलायची नसते.

बॉर्डरची लांबी मधल्या रेघेवरून : पावणेसाठ. कडेच्या मापाने कापलं तर वाढलेली कड तशीच कायमची पक्की होते. मधल्या मापाची पट्टी लावली की वाढलेलं कापड तिच्यात जिरतं आणि रनर पुन्हा चौकोनी होतो. ६० इंचांत तीन सूत सहज जिरतात, चुणी पडत नाही. फरक इंचभर असता तर आधी त्रिकोणांच्या शिवणी तपासल्या असत्या. इंचभर कापड बॉर्डर जिरवत नाही, लपवायचा प्रयत्न करते आणि ते दिसतं.

१२ जुलै

आतली बॉर्डर. मोहरी कापडातून उभ्या धाग्यावर १ इंच रुंदीच्या पट्ट्या. आडव्या धाग्यावर कापल्या असत्या तर लांबीत जोड आला असता. शिवाय आडवा धागा ताणतो आणि उभा जवळजवळ नाही, हे जास्त महत्त्वाचं. त्याच कापडातून १७ × ७० चं अस्तर आणि गोटाच्या तीन पट्ट्या काढल्या, थोडं कापड अजून शिल्लक आहे.

लांब बाजू आधी : पावणेसाठ × १, दोन. पट्टी आणि रनर दोन्हींची घडी घालून मध्य आणि चतुर्थांश खुणा केल्या, त्या एकमेकींवर टाचल्या, मग मधल्या जागा. उजव्या बाजूची वाढलेली कड खाली ठेवली, पट्टी वर. मशीनचे दाते खालचं कापड जास्त ओढतात आणि सैलपणा तिथे आपोआप जिरतो. डाव्या बाजूला फरक फक्त एक सूत होता, तिथे रनर वर ठेवला, कारण ब्लॉकच्या शिवणींची फुली दिसते आणि तिच्या टोकावरूनच सुई नेता येते.

मग टोकं : रुंदी आता १० झाली, म्हणून १० × १, दोन. शिवून झाल्यावर वरचं कापड पावणेएकसष्ट × १०.

अर्ध्या इंचाची बॉर्डर ही खोडकर असते. अडीच इंचांच्या पट्टीत शिलाई अर्धं सूत इकडेतिकडे झाली तर कोणाला कळत नाही, अर्ध्या इंचात ती नागमोडी दिसते. पट्टी शिवल्यावर तिची बाहेरची कड पुन्हा तपासली : शिवणीपासून सगळीकडे बरोबर पाऊण इंच हवी. जिथे जास्त होती तिथे छाटली.

१३ जुलै

काठातला कोणता दीड इंच घ्यायचा, हे ठरवायला सकाळ गेली.

काठ ४ इंच रुंद. आतून बाहेर जाताना : करवतीच्या दात्यांची ओळ, दोन बारीक पिवळ्या रेघा, सव्वा इंचाला थोडा कमी असा नक्षीचा पट्टा, पुन्हा रेघा, मग सलग लाल आणि शेवटी कापडाची किनार. पुठ्ठ्याला दीड × ६ इंचांची खिडकी कापली आणि ती काठावर वरखाली सरकवली. नक्षी बरोबर मध्ये घेतली तर दोन्हीकडे अर्धवट रेघा येतात आणि फ्रेमच्या आत कापलेला फोटो वाटतो. बाहेरच्या बाजूला सरकवली तर लालच लाल. दाते आतल्या बाजूला पूर्ण ठेवून त्यांच्यापासून दीड इंच मोजला की नक्षी पूर्ण येते आणि बाहेरच्या रेघा गोटाखाली जातात. हेच घेतलं. दाते आता रनरच्या मध्याकडे तोंड करून बसतात, जसे साडीत अंगाकडे असतात.

दात्यांच्या टोकापासून शिवण अर्धं सूत दूर. अगदी टोकावर शिवण आली तर कुठे टोक दिसेल, कुठे खाल्लेलं असेल.

जुना काठ सरळ नसतो. पट्टी ठेवून रोटरी कटरने कापला तर कड सरळ येते, पण नक्षी तिरपी पळते. डोळा नक्षीच्या रेघेवर असतो, कापलेल्या कडेवर नसतो. म्हणून विणलेल्या पिवळ्या रेघेपासून दर चार इंचांवर मोजून खुणा केल्या आणि त्या खुणांवरून कात्रीने कापलं. रुंदी २. कापडाची किनार काढून टाकली, ती घट्ट विणलेली असते आणि धुतल्यावर बॉर्डर चुणते.

कापण्याआधी खळ. दोन कप पाण्यात एक चमचा आरारूट शिजवून, गाळून, फडक्याने उलट्या बाजूला लावली. पावसाळी हवेत ती वाळायला संध्याकाळ उजाडते, म्हणून ओलसर असतानाच वर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्री. खळ दिली नाही तर काठाच्या कापलेल्या कडेचे ताण्याचे धागे एकेक करून गळतात. पाव इंच मार्जिनमधला एक सूत असाच जातो.

पदराच्या पट्ट्या ३ × १०, दोन. पांढरे पट्टे रनरच्या टोकाला समांतर, साडीत असतात तसे. पदर काठापेक्षा विरळ आणि जास्त जुना दिसतो, त्याला मागून पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड) चिकटवलं. काठाला पेस्टिंग नाही, तो आधीच जाड आहे.

पदर दोन्ही टोकांना जोडला. लांबी आता पावणेसहासष्ट.

१५ जुलै

काठ लावला आणि उसवला.

७० इंचांची पट्टी न मोजता एका टोकापासून शिवत नेली, शेवटी उरलेलं छाटायचं असं ठरवून. रनर वर, काठ खाली. टेबलावर टाकल्यावर कड समुद्रासारखी हलत होती. काठ उसवून मोजला : पावणेसहासष्ट इंचांच्या बाजूत साडेसहासष्ट इंच काठ गेला होता. पाऊण इंच जास्त. खालच्या कापडाला दाते ओढतात, वरच्याला दाबपट्टी मागे ढकलते. दर टाक्याला केसाएवढा फरक, आणि अशा लांबीत टाके जवळजवळ सातशे.

इस्त्रीने ही लहर जात नाही. क्विल्टिंगनेही (थर एकत्र शिवण्यानेही) जात नाही, फक्त चुणीत बदलते.

उसवताना दर चौथा टाका कापून उलट्या बाजूचा दोरा ओढला. टाका-टाका उसवणाऱ्या अवजाराचं टोक कृत्रिम रेशमात अडकतं आणि नक्षीचा धागा वर येतो. एक आलाच, तो सुईने मागे ओढून घेतला.

१६ जुलै

पुन्हा काठ, या वेळी मोजून. पावणेसहासष्टचे दोन तुकडे, एकाच काठातून, म्हणजे रंगाची छटा जुळते. मिळून साडेतीन मीटरला थोडा कमी लागला. दाते दोन्हीकडून आत यावेत म्हणून एक तुकडा फिरवून लावायचा. नक्षी दोन्ही दिशांनी सारखी आहे म्हणून हे चालतं. एकाच दिशेला चालणारे मोर किंवा वेली असत्या तर दुसऱ्या बाजूला त्या उलट्या गेल्या असत्या.

कापताना नक्षीचं एक फूल मध्यखुणेवर धरलं आणि तिथून दोन्हीकडे मोजलं. टोकाकडून सुरुवात केली असती तर एका कोपऱ्यावर पूर्ण फूल, दुसऱ्यावर अर्धं.

मध्य, चतुर्थांश, मग दर तीन इंचांवर टाचणी. वॉकिंग फूट लावला, त्याचे वरचे दाते वरचं कापडही सोबत पुढे नेतात. सुई १४ नंबर, टाका अडीच मिलीमीटर. रनर वरच ठेवला, कारण आतल्या बॉर्डरची आधीची शिलाई उलट्या बाजूने दिसते आणि तीच मार्गदर्शक आहे. सुई तिच्यापासून बरोबर अर्धा इंच ठेवत गेलो, कापलेल्या कडेकडे पाहिलंच नाही. म्हणून मोहरी पट्टी सगळीकडे सारखी दिसते. टाचण्या सुईखाली येण्याआधी काढल्या, जाड काठात टाचणीवर सुई पडली तर ती तुटतेच.

शेवटी फरक अर्धं सूत.

मार्जिन कुठे दाबायचं? काठ जाड, स्वतःवर उलटायला नकार देतो. आतल्या पट्टीकडे दाबलं. मधल्या बाजूचं मार्जिनही त्याच पट्टीखाली आहे. पाव आणि पाव मिळून तिची अर्ध्या इंचाची रुंदी बरोबर भरते, त्यामुळे मोहरी रेघ दोरी भरल्यासारखी किंचित उठून आली. हे ठरवलेलं नव्हतं, पण ठेवलं.

वरचं कापड १३ × पावणेसहासष्ट.

१९ जुलै

भरण म्हणून जुन्या धोतराचे दोन थर. पॉलिस्टरचं फुगीर वॅडिंग रनरला नको : पेला डगमगतो आणि गरम भांड्याखाली ते चपटं होऊन तसंच राहतं. धोतर पन्नास वेळा धुतलेलं असतं, ते आता आटत नाही.

अस्तर उलटं अंथरून चारही बाजूंनी जमिनीला चिकटपट्टीने ताणलं, ताठ हवं, तंग नको. त्यावर दोन थर, वर रनर. मध्यापासून बाहेर कच्चे टाके, चार बोटांच्या अंतराने.

२१ जुलै

आतल्या बॉर्डरच्या दोन्ही शिवणींच्या खाचेत मशीनने शिलाई, टाका ३ मिलीमीटर. हे आधी केलं, त्यामुळे बॉर्डर सरळ रेघेत बांधली गेली. मग मधला भाग हाताने, ब्लॉकच्या तिरप्या रेघांना समांतर धावदोरा, ओळींत एक इंच अंतर.

काठावर हाताने धावदोरा जमत नाही. कापड इतकं घट्ट आहे की सुई चार थरांतून ओढायला पक्कड लागते आणि टाके लहान-मोठे पडतात. तिथे मशीनने नक्षीच्या पट्ट्याशेजारच्या पिवळ्या रेघेवर एकच शिलाई, मोहरी दोऱ्याने. पदरावर पांढऱ्या पट्ट्यांना धरून तीन.

बॉर्डरमधलं क्विल्टिंग मध्याइतकंच दाट हवं. मध्यात इंचा-इंचावर ओळी आणि बॉर्डर मोकळी सोडली तर मधला भाग आकसतो आणि कड झालरीसारखी सुटते. उलट, बॉर्डर गच्च शिवली तर मध्य पुरीसारखा फुगतो. काठात दोन शिलायांमधलं अंतर चालण्यासारखं पडलं.

२३ जुलै

गोट. नमुन्याच्या तुकड्यावर सव्वादोन इंचांची दुहेरी पट्टी लावून पाहिली. धोतराचं भरण पातळ, त्यामुळे मागे अर्धा इंच गोट लोंबतो आणि पुढच्या पाव इंचाशी जुळत नाही. २ इंचांची पट्टी बरोबर बसली. फुगीर वॅडिंगला सव्वादोन किंवा अडीचच लागते, हे माप भरणावर ठरतं.

परीघ साडेएकशेसत्तावन, वर जोड आणि कोपऱ्यांसाठी दहा. तीन पट्ट्या तिरप्या जोडल्या. सरळ जोड दिला तर आठ थर एका ठिकाणी येतात आणि गोटाला गाठ पडल्यासारखी दिसते. जोड कोपऱ्यावर येत नाहीत ना, हे आधी नुसतं फिरवून पाहिलं. एक येत होता, सुरुवात चार इंच सरकवली.

कोपऱ्याला पाव इंच आधी थांबून, पट्टी वर ४५ अंशांत दुमडून, मग खाली. काठ-पदराची शिवण कडेपासून पावणेदोन इंचांवर आहे, त्यामुळे कोपऱ्यात जाडी जमली नाही. तिरपा कोपरा केला असता तर ती शिवण नेमकी गोटाच्या दुमडीखाली आली असती.

मागची बाजू हाताने, बारीक तुरपाई. अस्तर आणि गोट एकाच रंगाचे असल्यामुळे तुरपाई दिसत नाही.

२६ जुलै

खळ राहिली तर कसर लागते, म्हणून थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतलं. पाण्याला रंग नाही. पिळलं नाही, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि सावलीत सपाट वाळवलं. दोरीवर घातलं असतं तर ओल्या वजनाने काठ ताणला असता.

वाळल्यावर सव्वापासष्ट × १२ इंच ७ सूत. टेबलाच्या दोन्ही टोकांना ५ इंच ५ सूत लोंबतं. ताटं ठेवून पाहिली, कडेपासून अर्धा इंच मोकळा राहतो.

खिडकीकडचा कोपरा एक सूत बाहेर आहे. काठ नव्हे, तिथला पदर पेस्टिंग चिकटवताना तिरपा झाला होता. उसवत नाही.

काठ दोन मीटर उरला. त्यातला कुरकुरलेला तुकडा कापून टाकला, बाकी मलमलमध्ये गुंडाळून ठेवला.